तीन समुद्रांची शिदोरी

गतवर्षी श्रावणात धाराशिव जिल्ह्यातील, परंडा तालुक्यातील सोनारी या गावी जाण्याचा योग आम्हांस आला. भैरवनाथाचे गाव म्हणून सोनारीची पंचक्रोशीत ख्याती आहे. आमचे जाणे झाले ते परिचयातील एका शिक्षकांच्या घरी. त्यांची थोरली कन्या वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघाली होती आणि तिला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणे होते.

घरात पाऊल ठेवले तो माजघरात जणू बाजार मांडलेला. बाजेवर दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि शेजारच्या दुकानातून आणलेला ताणकाटा गुरुजींच्या हाती होता. मातेने येसर, काळे तिखट, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि खिचडीसाठी मूगडाळ-तांदूळ अशी पुरचुंडी बांधली होती. गुरुजींचा भर कागदपत्रांच्या जाडजूड फायलीवर होता. मुलीला लोकरी कपड्यांची चिंता होती. विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनापेक्षा दोन किलो भार अधिक भरत होता आणि काय काढावे यावर तिघांचे एकमत होत नव्हते. अखेरीस मुलीने मातेचे जुने प्रार्थनापुस्तक बाहेर काढून ठेवले. ‘‘हे सगळं फोनमध्ये असतं, आई,’’ ती म्हणाली. माता काही बोलली नाही. तिने आमच्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘‘फादर, तिथं मिस्सा मिळंल का?’’

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. गुरुजींनी प्रवेशपत्र आमच्या हाती दिले. त्यावर विद्यापीठाच्या गावाचे नाव वाचले आणि आम्ही क्षणभर थांबलो. ते गाव होते त्वेर. व्होल्गा नदीच्या काठचे, मॉस्कोच्या वायव्येस सुमारे १७० किलोमीटरवर वसलेले हे शहर महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी त्याच त्वेरचा एक ख्रिस्ती व्यापारी आपल्या या मुलखात आला होता. सोनारीची मुलगी ज्या वाटेने आज निघाली आहे ती वाट तो उलट्या दिशेने चालून आला होता. त्या दिवशी बाजेशेजारी बसून जी कथा आम्ही त्या कुटुंबास सांगितली, तीच थोड्या विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्वेरचा अफानासी

त्या व्यापाऱ्याचे नाव अफानासी निकितीन. त्याच्या प्रवासाचा काळ पूर्वी १४६६ ते १४७२ असा मानला जाई. पुढील संशोधकांनी तो १४६८ ते १४७४ असा धरला आहे. कोणताही काळ मान्य केला तरी वास्को द गामा कालिकतला उतरला त्या १४९८ सालाच्या दोन तपांहून अधिक आधी हा रशियन ख्रिस्ती माणूस चौलच्या बंदरात उतरला होता, हे निश्चित. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तास ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखले जाते. हे तीन समुद्र म्हणजे कास्पियन, अरबी आणि काळा समुद्र.

निघताना त्याने तयारीत कसूर केली नव्हती. त्वेरमधील सोनेरी घुमटाच्या तारणाऱ्याच्या मंदिराचा निरोप घेऊन तो निघाला. कल्याझिनच्या पवित्र त्रैक्याच्या मठात जाऊन त्याने मठाधिपती मकारी यांचा आशीर्वाद घेतला. वाटेत अडवणूक होऊ नये म्हणून परवानापत्रे मिळविली. एकट्याने जाणे धोक्याचे म्हणून सोबतही शोधली. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस शिरवान नावाचे राज्य होते. तेथील शहाचा वकील हसन बेग मॉस्कोच्या राजाने दिलेले नव्वद ससाणे घेऊन परत निघाला होता. त्याच्यासाठी अफानासी निझनी नोव्हगोरोद येथे दोन आठवडे थांबला आणि त्याच्यासोबत व्होल्गातून खाली गेला. आशीर्वाद, परवाने आणि सोबत अशी तिन्ही अंगे त्याने सांभाळली होती. आजच्या प्रवाशानेही याहून अधिक काय करावे?

तरीही एक चूक घडली. तो स्वतः वकिलाच्या मोठ्या जहाजात बसला आणि त्याचा सर्व माल मात्र लहान जहाजात राहिला. आस्त्राखानजवळ तातारांनी पाठलाग केला. लहान जहाज मासे धरण्यासाठी नदीत घातलेल्या कुडाला अडकले आणि क्षणार्धात लुटले गेले. अफानासीचे सर्वस्व त्यात होते. पुढे कास्पियन समुद्रात वादळ झाले. ताफ्यातील एक नाव किनाऱ्यावर आपटून फुटली आणि तिच्यातील माणसे कैताक टोळीच्या हाती सापडली. वाचलेल्यांनी शिरवानच्या शहाकडे धाव घेतली. बंदिवानांची सुटका झाली, पण परतीच्या खर्चासाठी मदत मात्र मिळाली नाही. तेव्हा सोबती पांगले. ज्यांचे मायदेशी काही होते ते परत गेले आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. अफानासी या दुसऱ्या गटातील होता, असे त्याच्या पुढच्या वाटचालीवरून दिसते. दर्बंद, बाकू, मग समुद्र ओलांडून इराण, आणि इराणातून गावोगाव थांबत तो होर्मुझला पोहोचला.

आम्ही हे सांगत होतो तेव्हा गुरुजींनी फायलीतील अर्धे कागद उचलून दुसऱ्या बॅगेत ठेवले. सर्व माल एकाच जहाजात ठेवू नये हा धडा त्यांना विशद करून सांगावा लागला नाही.

घोडा आणि ग्रंथ

होर्मुझला त्याला कळले की दख्खनेत घोडे निपजत नाहीत आणि बहमनी सरदार परदेशी घोड्याला मोठी किंमत देतात. उरलेल्या पुंजीतून, शंभर रुबल खर्चून, त्याने एक घोडा मिळविला. सहा आठवड्यांच्या सागरप्रवासानंतर तो त्या घोड्यासह चौलला उतरला. उघड्या डोक्याने, केसांची एक वेणी घालून हिंडणारे कोकणी लोक त्याने पाहिले. आणि या गोऱ्या माणसाला पाहण्यासाठी लोकही त्याच्या मागे लागले. ज्या चौल-रेवदंड्याला पुढे पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आणि शेजारच्या कोर्लईतील आपले धर्मबांधव यांमुळे आपण ओळखतो, तेथे हा ख्रिस्ती प्रवासी त्या सर्वांच्या आधी येऊन गेला. रेवदंड्यात २००२ साली त्याचे स्मारक उभारले गेले.

घोडा होता, परंतु एक मोठी उणीव त्याच्यासोबत आली होती. लूट झाली तेव्हा त्याचे ग्रंथही गेले होते. मायदेशाहून आणलेल्या त्या पुस्तकांत सणवारांचा हिशेब होता. आज दिनदर्शिका खिळ्याला टांगलेली असते, हातातील यंत्रात असते. तिचे मोल आपणांस जाणवत नाही. त्या काळी प्रायश्चित्तकाळ केव्हा सुरू होतो, पास्काचा सण केव्हा येतो, हे चंद्राच्या गणितावरून काढावे लागे आणि ते गणित ग्रंथात असे. ग्रंथ गेले, धर्मगुरू जवळ नाही, दुसरा ख्रिस्ती माणूस भेटत नाही. परिणामी अफानासीचे वर्ष हरवले. बुधवार-शुक्रवारच्या उपवासाचाही आपणांस विसर पडला, अशी कबुली त्याने दिली आहे.

चौलहून पाली, मग डोंगर चढून जुन्नर. तेथे पावसाळ्याने त्याला अडवून धरले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ही त्याने केलेली नोंद घाटमाथ्यावरील वाचकांस पटेल. घोड्यांना येथे हरभरा घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून चारतात, हेही त्याने लिहिले आहे. पुढे हिंदूंच्या आहाराचे वर्णन करताना भात, लोणी घातलेली खिचडी आणि निरनिराळ्या भाज्या यांचा उल्लेख तो करतो. ‘खिचडी’ हा आपला शब्द अशा रीतीने पंधराव्या शतकातील एका रशियन वहीत जाऊन बसला आहे. हे ऐकून सोनारीच्या त्या मातेला हसू आले आणि मूगडाळीची पिशवी बॅगेत कायम राहिली.

जुन्नरचा सुभेदार असद खान हा होता. त्याने घोडा काढून घेतला. हा परदेशी माणूस मुसलमान नसून ख्रिस्ती आहे असे कळताच त्याने पेच घातला: आमचा धर्म स्वीकारलास तर घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड तुझ्या माथी. चार दिवसांची मुदत मिळाली. तो ऑगस्टातील पवित्र मरियेच्या सणाआधीचा उपवासकाळ होता. ग्रंथ नाहीत, गुरू नाही, ओळखीचे कोणी नाही. जवळ होती ती तोंडपाठ प्रार्थना. तारणाऱ्या प्रभूच्या सणाच्या आदल्या दिवशी खोजा महंमद खोरासानी नावाचे गृहस्थ तेथे आले. अफानासीने त्यांच्याकडे गाऱ्हाणे मांडले. ते असद खानाकडे गेले, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धर्मांतराची मागणीही मागे पडली. अफानासीने हा तारणाऱ्या प्रभूचा चमत्कार मानला. येथे एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ख्रिस्ती माणसाला त्याच्या श्रद्धेसाठी संकटात टाकणारा आणि त्या संकटातून सोडविणारा, हे दोघेही एकाच धर्माचे होते. परक्या देशात माणसे धर्मावरून ओळखण्याची घाई करू नये, हा बोध त्या घटनेत आहे.

आमच्या गावावरून गेलेली वाट

पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, म्हणजे १५ ऑगस्टला, तो जुन्नर सोडून राजधानी बीदरकडे निघाला. त्याला तेथे पोहोचण्यास एक महिना लागला. मधल्या मुक्कामांची नावे त्याने दिलेली नाहीत. परंतु जुन्नर आणि बीदर या दोन गावांमध्ये नकाशावर सरळ रेघ ओढावी, तर ती भूम-परंड्याच्या आसपासच्या मुलखातून जाते. तो नेमका सोनारीच्या शिवारातून गेला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसा दावा आम्ही करीत नाही. मात्र याच काळ्या जमिनीच्या प्रदेशातून, भर पावसाळ्यात, घोड्याचा लगाम हाती धरून त्वेरचा एक माणूस चिखल तुडवीत गेला, एवढे म्हणता येते. परंड्याचा भुईकोट ज्याने बांधला असे सांगितले जाते तो महमूद गवान त्या वेळी बहमनी राज्याचा कारभार पाहत होता. तोही मूळचा इराणमधील गिलानचा, व्यापारासाठी आलेला. ‘मलिक-उत-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब अफानासीने आपल्या उच्चारात नोंदला आहे. अशा थोर माणसाला पुढे १४८१ साली खोट्या आरोपावरून सुलतानाने देहान्त दिला.

बीदरमध्ये त्याने सुलतानाची मिरवणूक पाहिली, सजविलेले हत्ती पाहिले. सरदारांचा थाट आणि खेड्यांतील रयतेचे दारिद्र्य यांतील अंतर त्याने थोडक्या शब्दांत टिपले. पाचशे वर्षांनंतर वाचतानाही ती नोंद मनाला लागते. नाताळच्या सुमारास त्याने घोडा विकला. वर्षभर घोड्याला पोसण्यात बराच खर्च झाला होता. मालाच्या बाबतीत तर त्याची पुरती निराशा झाली. हिंदुस्थानात रशियाच्या उपयोगाचा पुष्कळ माल मिळेल असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाच्यांचे भय. ऐकीव माहितीवर विसंबून निघणाऱ्याची जी गत होते तीच त्याची झाली.

तथापि बीदरमध्येच त्याला एक मोठी प्राप्ती झाली. तोवर तो खोजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. काही हिंदू लोकांशी ओळख झाल्यावर त्याने त्यांना सरळ सांगितले की आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफानासी आहे. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काहीही लपविले नाही. काय खातात, कशी प्रार्थना करतात, व्यवहार कसा चालतो, हे सर्व त्यांनी त्याला दाखविले. आपल्या बायकांनाही त्याच्यासमोर येण्यास अटकाव केला नाही. ते त्याला आपल्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेला घेऊन गेले. ते हिंदूंचे जेरुसलेम आहे, अशी तुलना त्याने केली. आपले खरे नाव सांगितल्यावरच परक्या घराचा दरवाजा उघडला, ही गोष्ट त्वेरला निघालेल्या आमच्या मुलीने मनात ठेवावी असे आम्हांस वाटले.

हरवलेला पास्का

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रंथ नसताना त्याने सण कसे पाळले? अंदाजाने. मुसलमानांच्या बैरामच्या सणाच्या नऊ-दहा दिवस आधी पास्का असावा असा एक आडाखा त्याने बांधला. रात्री आकाशाकडे पाहून कृत्तिका आणि इतर नक्षत्रे कोठे आली आहेत यावरूनही त्याने अजमास केला. भोवतालचे मुसलमान रोजे धरीत तेव्हा त्यानेही त्यांच्याबरोबर महिनाभर उपवास केला, मांस-अन्न वर्ज्य केले आणि आपल्या देवाची प्रार्थना केली. चार पास्का परमुलखात गेल्याचे तो दुःखाने नोंदवितो. त्याची वेदना इतकी तीव्र होती की हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती बांधवांना, आपला धर्म मायदेशी ठेवूनच इकडे या, अशा आशयाचा कडवट सल्ला त्याने दिला आहे.

त्याच्या वहीत अरबी, फार्सी आणि तुर्की शब्दांत लिहिलेल्या प्रार्थना आढळतात. शेवटची प्रार्थनाही तशीच मिश्र भाषेत आहे. त्यावरून तो अखेरीस ख्रिस्ती राहिला होता की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. आमची बैठक न्यायाधीशाची नाही. वर्षानुवर्षे ज्या भाषेत माणूस व्यवहार करतो त्या भाषेचे शब्द त्याच्या प्रार्थनेत शिरणारच. मात्र जो माणूस पास्काची तारीख चुकू नये म्हणून रात्री नक्षत्रे मोजतो, त्याची श्रद्धा हरवली होती असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

परत जाण्यासाठी तो दाभोळला आला आणि होर्मुझपर्यंतच्या भाड्यापोटी दोन सुवर्णनाणी मोजून जहाजात बसला. पुन्हा इराण ओलांडून तो काळ्या समुद्राकाठच्या त्रेबिझोंदला पोहोचला. तो शत्रूच्या छावणीकडून आला आहे या संशयाने तेथील अधिकाऱ्यांनी त्याचे सर्व सामान किल्ल्यात नेऊन झडती घेतली. पत्रे सापडली नाहीत, पण चांगल्या वस्तू नाहीशा झाल्या. तिसरा समुद्र ओलांडून तो काफा बंदरात उतरला. पण त्वेरचा सोनेरी घुमट त्याला पुन्हा दिसला नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याने देह ठेवला.

माल गेला, ग्रंथ गेले, घोडा विकला गेला आणि अखेरीस माणूसही गेला. मागे राहिल्या त्या त्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या. व्यापाऱ्यांनी त्या मॉस्कोला नेऊन राजाच्या दरबारातील लेखनिक वासिली मामिरेव याच्या हाती दिल्या आणि १४७५ सालच्या नोंदीत त्या इतिवृत्तात समाविष्ट झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात हा वृत्तान्त आढळला आणि जगास कळला. १९५५ साली त्वेरमध्ये व्होल्गाकाठी अफानासीचा पुतळा उभा राहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन सहकाऱ्यांसह त्याच्या जीवनावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी यांच्या भूमिका होत्या.

उलट वाटेने गेलेले

त्या वाटेने आपल्याकडूनही माणसे गेली. त्यांत मराठी वाचकांना सर्वाधिक जवळचे नाव अण्णा भाऊ साठे यांचे. वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या, शाळेचे तोंडही जेमतेम पाहिलेल्या या शाहिराने १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. ती भूमी प्रत्यक्ष पाहण्यास त्यांना १९६१ साल उजाडावे लागले. परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाची शिदोरी ती काय असणार? पण शब्द त्यांच्यापाशी होते आणि तेच टिकले. मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या शासकीय ग्रंथालयात १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्वेरला अफानासी उभा आहे, मॉस्कोला अण्णा भाऊ. आणि दोघांनाही तेथे उभे केले ते त्यांच्या वहीने.

आजची तयारी

इतिहास ऐकून झाल्यावर गुरुजींनी व्यवहाराचा प्रश्न विचारला आणि तो रास्तच होता. अनेक कुटुंबांतील मुले आज रशियाला जातात. काही केवळ शहरे पाहण्यासाठी दीर्घ मुक्कामाला जातात. त्यांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नमूद करतो.

पैशांची व्यवस्था पहिली. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरील बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड ही कार्डे तेथे चालत नाहीत. त्यामुळे आरंभीच्या खर्चापुरते परकीय चलन रोख न्यावे लागते आणि ते एकाच खिशात न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावे. दुसरी गोष्ट कागदांची. पर्यटकांसाठी ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसाची सोय झाली. विद्यार्थ्याला मात्र शिक्षणाचाच व्हिसा हवा. तेथे पोहोचल्यावर ठरावीक दिवसांत राहत्या पत्त्याची नोंदणी करावी लागते. ती वसतिगृह किंवा हॉटेल करते, पण झाली की नाही हे आपण विचारून घ्यावे. पारपत्राच्या प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. औषधे न्यावयाची तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे तेथे निषिद्ध असतात.

कपड्यांविषयी एक समज चुकीचा असतो. एकच जाड कोट पुरेसा नसतो. आत अंगाला बसणारे उबदार वस्त्र, त्यावर लोकरी सदरा आणि वरून वारा अडविणारा कोट, असे थर असावेत. कारण घरे आणि वर्ग आतून चांगलेच तापविलेले असतात आणि आत शिरताच कोट उतरवावा लागतो. बर्फावर न घसरणारे बूट तेथेच घेणे बरे. आपले दोन पिनांचे चार्जर तेथे चालतात. रशियन लिपीची ३३ अक्षरे निघण्यापूर्वी शिकून घ्यावीत; त्याला आठवडा पुरतो आणि भुयारी रेल्वेच्या पाट्या वाचता येतात. या लिपीला नाव मिळाले आहे ते संत सिरिल यांचे. त्यांच्यासह त्यांचे बंधू संत मेथोडियस यांनाही पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली युरोपचे सहआश्रयदाते म्हणून घोषित केले.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगावीशी वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाने युद्ध सुरू झाले. त्यानंतर मदतनिसाच्या नोकरीचे आमिष दाखवून काही भारतीय तरुणांना सैन्यात गुंतविल्याच्या घटना उघडकीस आल्या आणि भारत सरकारने तसा इशारा दिला. न समजणाऱ्या भाषेतील कोणत्याही कराराखाली सही करू नये. अफानासीप्रमाणे ऐकीव माहितीवर विसंबू नये. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात आणि आपल्या दूतावासाचा क्रमांक जवळ ठेवावा.

आणि मिस्सा? मॉस्कोत संत लुईस यांचे चर्च सोव्हिएत काळातही उघडे राहिले. निष्कलंक गर्भसंभवाचे भव्य कॅथेड्रल १९३८ साली बंद करून तेथे कचेऱ्या आणि कारखाना थाटला होता. ते १९९९ साली पुन्हा पवित्र करण्यात आले आणि तेथे अनेक भाषांत मिस्सा होते. सेंट पीटर्सबर्गच्या मुख्य रस्त्यावर संत कॅथरिनचे चर्च आहे. त्वेरमध्येही लहानसा कॅथलिक धर्मग्राम आहे आणि त्याचे नाव आहे प्रभूचे रूपांतर. ज्या तारणाऱ्याच्या मंदिराचा निरोप घेऊन अफानासी निघाला तेही प्रभूच्या रूपांतराचेच होते. ते मंदिर १९३५ साली पाडले गेले आणि अलीकडच्या वर्षांत पुन्हा बांधण्यात आले.

एक भेद मात्र तिला सांगून ठेवला. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनी दिनदर्शिका पाळते. म्हणून तेथे नाताळ ७ जानेवारीला येतो आणि २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. अफानासीच्या काळी हा भेद नव्हता. पोप ग्रेगरी तेरावे यांची सुधारणा १५८२ सालची. त्यापूर्वी रोम आणि मॉस्को एकाच गणिताने पास्का पाळीत.

दोन किलो

आम्ही उठलो तेव्हा वजनाचा प्रश्न तसाच होता. प्रार्थनापुस्तक घे, असे आम्ही मुलीला म्हटले नाही. ती निवड तिची होती आणि धाकाने नेलेले पुस्तक परदेशात उघडले जात नाही, हे आम्ही जाणतो. तिने स्वतःच कडक भाकरीची चळत निम्मी केली, एक जाड स्वेटर काढला आणि मातेचे पुस्तक कपड्यांच्या मधोमध ठेवले. त्याच्यासोबत एक कोरी वहीही ठेवली. मातेने काढलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळून आमच्या हाती दिल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी आमची शिदोरी केली.

नाताळात तिचा फोन आला. २५ डिसेंबरला सकाळी तिची तोंडी परीक्षा होती. ती देऊन, बर्फातून वाट काढीत, ती संध्याकाळच्या मिस्साला गेली. भाषा फारशी कळली नाही, परंतु कोठे उभे राहायचे आणि कोठे गुडघे टेकायचे हे सर्व ठाऊक होते, असे ती म्हणाली. मग तिने विचारले, ‘‘फादर, यंदा पास्का कोणत्या तारखेला येतो?’’ तारीख तिच्या फोनमध्ये होतीच. तरीही तिने विचारले आणि आम्ही सांगितली.